कलमान्सीला न भिणारा संगमरवर

बातांगास,
९ सप्टेंबर

प्रिय निनोंग तेर्यो,

नमस्कार, तुमचा हात कपाळाला लावते. मी बरी आहे. प्रयोगशाळेत काम पुष्कळ आहे. माझ्या आईने, नानायने पाठवलेल्या सुक्या माशाचा वास खोलीच्या मालकिणीला जिन्यातच लागला, पण दोन मासे तिच्या ताटात गेल्यावर तिची तक्रार मिटली.

तुमचं पत्र आणि पुडकं शुक्रवारच्या बोटीने मिळालं. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते. फोन ठेवल्यावर मला आठवतं की मलाही काही बोलायचं होतं. म्हणून उत्तर कागदावर देते आहे.

तुम्ही लिहिलंत ते मला असं समजलं. आपल्या शेडमधले तीन कापणारे एकाच वर्षात खोकत दवाखान्यात गेले. त्यांतले एक ताताय, माझे वडील, तुमचे सख्खे भाऊ. डॉक्टरांनी वर कळवलं, म्हणून कामगार खात्याच्या बाई येऊन गेल्या. त्यांना एकच गोष्ट लेखी हवी आहे, शेडमध्ये कापला जाणारा दगड कोणता. त्याखाली नोंदणीकृत रसायनतज्ज्ञाची सही हवी, आणि "देवाच्या कृपेने अशी एक घरातच आहे." तुम्ही चार कपच्या पाठवल्यात. "तपास आणि जे निघेल ते लिही. मार्मोलच निघणार. एका शब्दाचं काम आहे, इंदाय."

तपासल्या. चारही आम्लात फसफसल्या. कॅल्शियम कार्बोनेट शेकडा ९८.४. आपल्या रोंब्लोन बेटाचाच संगमरवर, आपला मार्मोल आहे, शंका नाही.

पुडकं सोडताना मला कपच्या ठेवायची माझी बिस्किटांची पेटी आठवली. तुम्ही पंधरा वर्षं परदेशात लाद्या बसवल्यात आणि प्रत्येक कामावरून एक कपची घरी पाठवलीत. तिच्यावर तिथला शब्द शाईने लिहिलेला असे, सोबत एक कार्ड. पहिली जेद्दाहहून आली, रुखाम. मी सात वर्षांची होते. मग इस्तंबूलचा मेर्मेर, इटलीचा मार्मो, आणि कुठल्याशा मशिदीच्या कामावर एका हिंदी गवंड्याने सांगितलेला संगमरमर. इटलीच्या कार्डावर तुम्ही लिहिलं होतंत: "अरबांचा शब्द सोडला तर अख्ख्या दगडाला सगळीकडे मार्मोलच्या भावंडाचंच नाव. फुटलेल्याला मात्र गावोगाव वेगळं. इथे कपचीला स्काल्या म्हणतात. अख्खा दगड मालकाचा असतो ना, त्याचं नाव बोटीतून फिरतं. तुकडे कापणाऱ्याच्या पायाशी पडतात, त्यांची नावं तोच ठेवतो." मग मी आपल्याकडची गोळा करायला लागले. मोठा ढलपा तो तिपाक. कोपऱ्याचा टवका तो पिंगास. केसासारखी चीर, जी अजून फुटलेली नाही पण फुटणार आहे, ती लामात. वहीत तुमच्यासाठी लिहून ठेवायचे. काका सगळ्यांनाच असतात. बाप्तिस्म्याला ज्याने हातावर घेतलं आणि नोराला लाडाने इंदाय म्हटलं तो निनोंग मला असा मिळाला, म्हणून मी आज दगड तपासते. हे मी विसरलेले नाही.

आता माझा प्रश्न. तुमच्या चारही कपच्यांना एका बाजूने शेवाळ आहे. घाव हातोडीचे आहेत. एकीलाही पात्याची सरळ कड नाही. म्हणजे या डोंगरावरच्या जुन्या खाणीतल्या. तो दगड आता शेडमध्ये फक्त खलबत्त्यांना आणि कबरीच्या पाट्यांना लागतो. मोठ्या मशीनवर दिवसभर कापल्या जातात त्या स्वयंपाकाच्या ओट्यांच्या लाद्या. त्या मनिलाहून पेट्यांतून येतात. त्या लादीचा तुकडा पुडक्यात नाही.

आमच्या अहवालात पहिल्या ओळीत "आलेला नमुना" असं लिहिण्याची पद्धत आहे. माझ्या टेबलावर जे आलं त्याबद्दलच मी बोलते, ते कुठून आलं त्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. ते दोन शब्द लिहून मी आजच तुम्हाला एक कागद पाठवू शकते. त्यात खोटं काहीच नसेल, आणि बाई तो अख्ख्या शेडचा कागद समजतील. हे तुमच्या मनात असेल असं मी धरून चालत नाही. घाईत तुकडा राहिला असेल.

लादीचा तुकडा पाठवा, तळहाताएवढा पुरे. तोवर मोठ्या मशीनच्या पात्यावर पाणी सोडा. कोरडं कापू देऊ नका. जोमारला फडकं नको, दवाखान्यात मिळतो तो जाड मास्क द्या. माझा धाकटा भाऊ म्हणून नव्हे, सगळ्यांनाच द्या.

घरी निनांग काकूंना माझा नमस्कार सांगा.

तुमची,
इंदाय


बातांगास,
२८ सप्टेंबर

प्रिय निनोंग,

हात कपाळाला.

लान्सोनेस फळांची करंडी मिळाली. गोड होती, फारच थोडी खराब निघाली. लादीचा तुकडा तिच्यात नव्हता. मी तळापर्यंत पाहिलं. चिठ्ठी होती: "हट्ट करू नकोस. तुझ्या तातायला विचार."

म्हणून दोन दिवसांची रजा काढून विचारायला गेले. तुम्ही मनिलाला ओटा बसवायला गेला होतात. तुमच्या मागे शेडमध्ये काय झालं ते तुम्हाला इतरांकडून कळलं असेल. माझ्याकडूनही कळावं.

सकाळचे दहा वाजले होते. मोठं मशीन चालू होतं, कोरडं. पाण्याची नळी खिळ्याला गुंडाळून टांगलेली होती आणि तिच्या तोंडात कोळ्याने जाळं केलं होतं. जोमार केसांपासून नखांपर्यंत पांढरा, तोंडावर ओला टी-शर्ट बांधलेला. मला पाहून त्याने मशीन बंद केलं आणि मिठी मारायला आला. मी मागे सरकले.

"बघा, शहरात गेली आणि भावाला शिवेना," तो म्हणाला.

आपले म्हातारे मनोंग पास्यो कोपऱ्यात खल कोरत बसले होते. "आली का दगडांची डॉक्टरीण? माझी एक दाढ हलते आहे, इंदाय. मार्मोलची असली तर सांग, पाटी करून विकतो."

"तुमच्या नावाची पाटी लागेल, मनोंग."

"मग राहू दे. अजून गिऱ्हाईक तयार नाही."

नानायच्या झाडावरून मी चार कलमान्सी, आपली बारकी लिंबं, तोडून आणल्या होत्या. त्या पाहून मनोंग म्हणाले, "मासे कुठायत मग?" मी एका फळीवर दोन चिमटी पीठ ठेवलं. एक त्यांच्या पायाशी पडलेलं, एक मोठ्या मशीनखालचं. दोन्ही पांढरं, बोटाला दोन्ही मऊ. मशीनचं जरा जास्तच मऊ. दोन्हींवर कलमान्सी पिळली. पहिलं सोड्यासारखं फसफसून वर आलं. दुसऱ्यात रस नुसता मुरला, वाळूत मुरावा तसा, आणि ओला डाग राहिला.

"परत कर," जोमार म्हणाला. परत केलं. तेच झालं.

"यात नवल काय?" मनोंग म्हणाले. "हाच तर तुझ्या निनोंगचा माल. कलमान्सीला न भिणारा मार्मोल! मनिलाच्या बायका यावरच तर भुलतात."

"पाण्यात न विरघळणारं मीठ कोणी आणून दिलं तर त्याला मीठ म्हणाल का, मनोंग?"

ते हसायला लागले आणि मध्येच थांबले. "मग हे काय आहे?"

"गारगोटी. गारगोटीचा चुरा रसायनाने चिकटवून दाबलेली लादी. पेट्यांवर काही लिहिलेलं नव्हतं?"

"लाद्यांच्या पाठीवर कागद असायचा. आम्हीच पात्याने खरवडायचो. तुझा निनोंग म्हणायचा, कागद राहिला तर सिमेंट धरत नाही." त्यांनी हातातली छिन्नी खाली ठेवली. "आम्हाला पटलं. पटण्यासारखंच होतं ते."

मग जोमारने विचारलं, "मनांग, डब्यातलं?"

मला क्षणभर कळलंच नाही. तुम्हाला कळलं असतं. संध्याकाळी मशीन थांबलं की प्रत्येक कापणारा तलम फडक्यातून पीठ चाळतो आणि दुधाच्या रिकाम्या डब्यात भरून घरी नेतो. लेकरांच्या घामोळ्यांवर लावायला. मी त्यावरच वाढले, तुम्ही आणि तातायही. आपल्या गल्लीत विकतची पावडर कधी कोणी आणली नाही. आणि हल्ली सगळे डबे मोठ्या मशीनखालून भरतात, कारण तिथलं पीठ जास्त मऊ असतं. जोमारची मुलगी पाच महिन्यांची आहे.

"कातडीला काही होत नाही," मी म्हटलं. "श्वासातून आत गेलं तर मात्र..."

तो निघूनही गेला होता. चपला मशीनपाशीच राहिल्या.

लादीचा तुकडा मी स्वतः, मनोंग पास्योंच्या समोर कापून घेतला, पाण्याखाली. मशीनखालचं पीठही घेतलं. लादीत सिलिका शेकडा ९१.३. पिठात थोडी कमी, ८९. आपल्या संगमरवरात दीडसुद्धा भरत नाही.

सोप्या भाषेत सांगते, पुढे कोणी म्हणायला नको की कळलं नाही. आपल्या दगडाचं पीठ छातीत गेलं तर चांगलं नाहीच, पण शरीर ते हळूहळू विरघळवतं. गारगोटीचं विरघळत नाही. ते जिथे बसतं तिथे मांस घट्ट होऊन गाठ धरते आणि ती गाठ पुन्हा सुटत नाही. तातायनी वर्षभर टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. टीबी नव्हताच. तीन पिढ्या आपल्या दगडाच्या धुळीत बसल्या आणि म्हाताऱ्या होऊन गेल्या, म्हणून आपल्या बेटावर पांढऱ्या धुळीला कोणी भीत नाही. तुमच्या लाद्यांना हाच भरवसा आयता मिळाला. दुसऱ्या कुठल्या गावात लोकांनी निदान नाकाला हात लावला असता.

डॉक्टरांनी तातायचा एक्स-रे उजेडाला धरून मला दाखवला. ते ठिपके मोजता येत नाहीत. लहानपणी मी विचार केला असता की याला आपला शब्द काय. तातायच्या छातीतल्या या कपच्यांना आपल्याकडे शब्द नाही, कारण आपल्या दगडाने आजवर माणसात कपच्या ठेवल्याच नव्हत्या.

मग मी तातायना विचारलं. तुम्हीच सांगितलं होतंत.

ते खिडकीपाशी, दोन उशांना टेकून बसले होते. हल्ली आडवं होता येत नाही. एका वाक्याला दोनदा थांबतात.

"तेर्योने सांगितलं ते लिहून दे," ते म्हणाले.

"ते खरं नाही, ताताय."

"एक शब्द आहे. आयुष्यभर तोच कापला मी."

"शेवटची पाच वर्षं तो नव्हता."

त्यांनी श्वास गोळा केला. मग म्हणाले, "माझा भाऊ आहे तो. त्याचं नाव गेलं की शेड गेली. जोमार कुठे उभा राहील? पास्योला या वयात कोण घेईल? माझं जे व्हायचं ते होऊन गेलं, इंदाय. त्यात सात घरं कशाला ओढतेस?"

मी त्यांची उशी नीट केली. नानाय चुलीपाशी पाठ करून उभी होती आणि तिने भाताच्या भांड्याचं झाकण चार वेळा काढलं, चार वेळा ठेवलं.

तातायना मी जे बोलले नाही ते इथे लिहिते. शेड गेली तर जोमारला काम शोधावं लागेल. शेड अशीच राहिली तर त्याला खिडकीपाशी दोन उशा लागतील. या दोनांत निवड करायला मला फार वेळ लागत नाही. तातायना लागतो, कारण तुम्ही त्यांचे भाऊ आहात. तुम्ही हे ओळखून मला त्यांच्याकडे पाठवलंत, याचा मला राग आहे. आणखी कशाकशाचा आहे ते लिहायला बसले तर पान पुरणार नाही.

एक मात्र लिहिलंच पाहिजे. गेले वीस दिवस मी ते टाळते आहे.

पाच वर्षांपूर्वी, नाताळच्या दुपारच्या जेवणाला, तुम्ही पहिल्या पेटीतला तुकडा घेऊन आलात. भाजलेल्या डुकराच्या ताटाशेजारी तो ठेवलात, उभे राहिलात आणि सगळ्यांच्या देखत त्यावर कलमान्सी पिळलीत. पाच मिनिटं थांबून पुसलीत. डाग नाही. "कलमान्सीला न भिणारा मार्मोल!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्याच वर्षी मी परीक्षा पास होऊन सहीचा अधिकार मिळवला होता. तुमचा हात अजून लादीवरच होता तेव्हाच मला कळलं होतं की हा संगमरवर असू शकत नाही. मी टाळ्या थांबवल्या नाहीत. मग पान्सितच्या शेवया वाढून घेतल्या.

मला जगातले शब्द देणाऱ्या माणसाला पंगतीत, सगळ्यांसमोर, तुमचा शब्द चुकीचा आहे असं कसं म्हणायचं, हे एक. दुसरं, मी स्वतःला समजावलं की निनोंगनी जग पाहिलं आहे, दगडाबरोबर पाणीही आणतील. नंतर पाच वर्षांत मी अकरा वेळा घरी आले. शेडमध्ये एकदाही पाहिलं नाही. घरातल्या घरात रुसवा नको म्हणून.

तेव्हा या कागदावर तुम्ही एकटे नाही. मी हेही बाईंना सांगणार आहे.

कागद अजून लिहिलेला नाही. तुम्ही स्वतः जाऊन सांगितलंत तर ते जास्त बरं दिसेल, तातायनाही सोपं जाईल. पंधरा दिवस थांबते. मशीन मात्र आजच बंद करा.

नोरा


बातांगास,
१३ ऑक्टोबर

श्री. एलेउतेर्यो मोंतेसा,

या वेळी हात कपाळाला लावत नाही.

तुमचं चार पानांचं पत्र मिळालं. अक्षर नेहमीसारखं सुरेख आहे. तुम्ही लिहिलंत: "कोणाला माहीत होतं, इंदाय? विकणाऱ्याने मार्मोल म्हणून दिलं, मी मार्मोल म्हणून घेतलं. तू शिकलेली असून गप्प बसलीस, मी अडाणी होतो म्हणून बोललो. दोघंही सारखेच चुकलो. एकमेकांना माफ करू आणि तो एक शब्द लिहून टाक."

ते वाक्य मी तीन दिवस जवळ ठेवलं. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. दोघंही सारखेच, हे ऐकल्यावर झोप लागते.

त्या तीन दिवसांत जोमारचा फोन आला. तुम्ही मनिलाहून परतलात आणि सोमवारी सकाळी मशीन सुरू झालं. "निनोंग म्हणाले, नोराचा राग उतरेपर्यंत ऑर्डर थांबत नाही," त्याने सांगितलं.

"पाणी सोडलं?"

"पंप बिघडला आहे म्हणे. पुढच्या आठवड्यात."

"आणि तू उभा राहिलास?"

"तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस, मनांग? टाळ्या वाजवल्या असत्यास ना?"

माझ्या पत्रातला तेवढा भाग तुम्ही त्याला वाचून दाखवला होतात तर. मी फोन ठेवला.

मी नानायला कपच्यांची ती बिस्किटांची पेटी पाठवायला सांगितलं. का, ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. निम्मं असं वाटत होतं की तुमचे शब्द पुन्हा वाचले तर माफ करणं सोपं जाईल. पेटी शनिवारी आली. मी कपच्या एकेक करून टेबलावर मांडल्या. आठ मला पाठ होत्या. नववी तळाशी, कार्डातच गुंडाळलेली होती. तिच्यावर रबरबँड कधीच कुजून चिकटला होता. ती आली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात. करड्या रंगाची, सगळीकडून एकसारखी, एक रेघ नाही. मला ती आवडली नव्हती. मी ती गुंडाळून तशीच ठेवली होती आणि कार्डावर नजरही जेमतेम फिरवली होती.

तिच्यावर तुमच्या शाईत शब्द आहे: कुआर्सो. स्पॅनिशमध्ये गारगोटी.

कार्ड पूर्ण उतरवून देते, म्हणजे तुमच्या लक्षात येईल.

"लाडक्या इंदाय, आता मी स्पेनमध्ये ओट्यांच्या कारखान्यात आहे. ही कपची पेटीत ठेव, पण मार्मोलच्या शेजारी नको, तो चिडेल! हा दगड डोंगरात जन्मत नाही, वाळू चिकटवून करतात. इथे तो पाण्याखालीच कापायचा असा कडक नियम. कोरडा कापताना दिसला की मुकादम वीजच बंद करतो आणि आईबापांचा उद्धार करतो. आम्हाला डुकराच्या थोबाडासारखे मास्क घालावे लागतात. शेजारच्या पात्यावरचा एक म्हातारा या धुळीने गेला, त्यानंतर सगळे सरळ झाले म्हणे. काळजी करू नकोस, तुझा निनोंग भिजून चिंब असतो. अभ्यास कर."

तारीख नऊ वर्षांपूर्वीची.

मी हे कार्ड उभ्यानेच वाचलं. मग खाली बसून परत वाचलं. तुम्हाला दगडाचं नाव माहीत होतं. पाणी माहीत होतं. मास्क, नियम, म्हातारा माहीत होता. नाताळच्या दुपारी लादीवर कलमान्सी पिळताना तुम्हाला हे सगळं माहीत होतं, आणि समोर पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत तुमचा सख्खा भाऊ बसला होता. तुम्ही स्पेनहून दगड आणलात. पाणी तिथेच ठेवलंत.

मी गप्प बसले ती चूक माझीच आहे आणि ती मी कोणाशी वाटून घेणार नाही. पण आपण सारखे नाही. मला एक गोष्ट कळली होती आणि मी ती गिळली. तुम्हाला सगळं कळलं होतं आणि तुम्ही सात जणांना कागद खरवडायला बसवलंत.

काल मी बोटीने घरी जाऊन आले. तातायना कार्ड वाचून दाखवलं. सगळं, चेष्टेसकट. त्यांनी हात पुढे केला, म्हणून कार्ड दिलं. त्यांनी ते खिडकीकडे वळवून धरलं. त्यांना वाचायला चष्मा लागतो, चष्मा त्यांनी मागितला नाही.

"त्याचं अक्षर पहिल्यापासून चांगलं," ते म्हणाले.

नानाय चुलीपासून वळून बघत होती.

"आईला पत्र तोच लिहून द्यायचा, माझ्या वतीनेसुद्धा," ते म्हणाले. त्यांनी कार्ड उलटं करून पाठीवरचं स्पेनचं चित्र पाहिलं. समुद्र होता. "चिंब असतो म्हणतो," ते म्हणाले, आणि कार्ड मला परत दिलं.

मी दारापर्यंत पोहोचले तेव्हा मागून आवाज आला. "इंदाय. लिही. जे आहे ते लिही."

मी आता खरा दगड कोणता, खोटा कोणता यावर तुमच्याशी वाद घालणार नाही. जोमारने आज सकाळी मशीनचा पट्टा काढून मनोंग पास्योंच्या घरी ठेवला आहे. तो तुम्हाला मिळणार नाही. मनोंग म्हणतात, हवा असेल तर तेर्योने स्वतः यावं, येताना चार कलमान्सी आणाव्यात. सातही जणांचे डबे नानायने ओल्या फडक्यात बांधून एका पोत्यात जमा केले आहेत. तेही बाईंकडे जातील.

पेटी या पत्रासोबत परत पाठवते आहे. त्यात आठ कपच्या आहेत. त्या सुंदर आहेत आणि तुमच्याच आहेत. नववी आणि तिचं कार्ड मी अहवालाला जोडलं आहे.

अहवालाची मूळ प्रत आज दुपारी बाईंच्या कार्यालयात माझ्या हाताने दिली, पाच वर्षांपूर्वीच्या जेवणाच्या माझ्या जबानीसह. एक प्रत तुमच्यासाठी सोबत आहे. एका शब्दाचं काम आहे असं तुम्ही लिहिलं होतंत. एकच शब्द आहे. तुमच्याच हातचा, नऊ वर्षांपूर्वीचा.

पहिल्या ओळीतले "आलेला नमुना" हे छापील शब्द मी खोडले आहेत. त्या जागी असं लिहिलं आहे:

नमुने मोंतेसा शेडमधून, साक्षीदारासमोर, मी स्वतः घेतले.

एल्नोरा मोंतेसा
नोंदणीकृत रसायनतज्ज्ञ
तेओदुलो मोंतेसा, दगड कापणारे, यांची मुलगी